सातबारा वाचला, नकाशा राहिला

पिंपरी-चिंचवड महापालिकेने १७ मे २०२५ रोजी चिखलीत, इंद्रायणीच्या काठी, छत्तीस बंगले पाडले. पत्र्याच्या शेड नव्हेत, माणसांनी आयुष्यभराची पुंजी ओतून बांधलेली पक्की घरं. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०२४ मध्ये ती हटवण्याचा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. ही घरं नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला बंदी असलेल्या पट्ट्यात होती. २०२५ च्याच सुरुवातीला नालासोपाऱ्यात एक्केचाळीस इमारती जमीनदोस्त करण्याचं काम पूर्ण झालं होतं. ती जमीन शहराच्या विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. दोन हजारांहून अधिक कुटुंबं रस्त्यावर आली.

या दोन्ही ठिकाणी घर घेणाऱ्या माणसाने काय पाहिलं असेल, याचा अंदाज कुणालाही बांधता येतो. विकणाऱ्याचं नाव पाहिलं असेल, कागदावरचे शिक्के पाहिले असतील, शेजारी कोण राहतं ते विचारलं असेल. महाराष्ट्रात जमीन घेताना सगळी चौकशी एकाच प्रश्नाभोवती फिरते: जमीन कुणाची? सातबारा, फेरफार, आठ-अ, वकिलाचा शोध अहवाल, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस हे सगळं त्या एका प्रश्नाचं उत्तर देतं. या जमिनीवर काय करायला परवानगी आहे, हा प्रश्न त्याहून वेगळा. त्याचं उत्तर तलाठ्याच्या दप्तरात नसतं. ते नगररचना विभागाच्या नकाशावर असतं, आणि तिथपर्यंत फार थोडे खरेदीदार पोहोचतात.

हा नकाशा १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली तयार होतो. शहराचा असेल तर विकास आराखडा, म्हणजे बोलीभाषेतला ‘डीपी’. जिल्ह्याचा किंवा मोठ्या पट्ट्याचा असेल तर प्रादेशिक योजना, म्हणजे ‘आरपी’. त्यात प्रत्येक जमिनीला एक वापर ठरवून दिलेला असतो: रहिवास, वाणिज्य, औद्योगिक, सार्वजनिक-निमसार्वजनिक, शेती किंवा ना-विकास. नकाशावर रहिवास विभाग पिवळा आणि शेती विभाग हिरवा रंगवतात, त्यामुळे दलालांच्या तोंडी ‘यलो झोन’ आणि ‘ग्रीन झोन’ हेच शब्द असतात. भावही त्या रंगावर ठरतो. रस्त्याच्या एका बाजूची गुंठेवारी लाखांनी महाग आणि समोरची स्वस्त दिसली, तर बहुतेक वेळा मधून विभागाची रेषा गेलेली असते. स्वस्त मिळतंय म्हणून खूश होण्याआधी ती रेषा शोधावी.

पहिलं काम म्हणजे नियोजन कुणाच्या हातात आहे ते ओळखणं. वाटतं तितकं ते सोपं नाही. महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत यांच्या हद्दीत त्या त्या संस्था बघतात. हद्दीबाहेर पुण्याभोवती पीएमआरडीए, नागपूरभोवती एनएमआरडीए अशी महानगर प्राधिकरणं आहेत. उरलेल्या ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना शाखा. घोटाळा सीमेवरच्या गावांत होतो. २०२१ मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत आली, पण त्यांच्या नियोजनाचे अधिकार सरकारने पीएमआरडीएकडे दिले. कर एकीकडे आणि नकाशा दुसरीकडे, अशा गावात चुकीच्या कार्यालयाचा कागद हातात ठेवून व्यवहार करणाऱ्याचं नुकसान अटळ असतं. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला किंवा नमुना आठचा उतारा दाखवून ‘परवानगी आहे’ असं सांगणारे विकणारे अजूनही भेटतात. नमुना आठ हा घरपट्टीचा कागद आहे. गावठाणाबाहेरच्या बांधकामाला त्याने कायदेशीरपणा येत नाही.

कार्यालय कळलं की तिथे झोन दाखला आणि भाग नकाशा यांच्यासाठी अर्ज करायचा. त्यासाठी चालू सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि भूमी अभिलेख विभागाचा मोजणी नकाशा लागतो. मुंबईत यालाच विकास आराखडा अभिप्राय म्हणतात आणि तो महापालिकेच्या संकेतस्थळावरून मिळतो. इतर मोठ्या शहरांतही ही सोय हळूहळू आली आहे. इंटरनेटवर फिरणारे रंगीत नकाशे नुसती कल्पना येण्यापुरते वापरावेत. व्यवहार सही-शिक्क्याच्या भाग नकाशावरच करावा.

दाखला हातात आल्यावर बहुतेकांचं लक्ष ‘रहिवास’ या शब्दावर जातं आणि तिथेच थांबतं. खरी गोष्ट त्याच्या पुढे लिहिलेली असते. ‘अंशतः रहिवास व अंशतः शेती विभागात’ असा शेरा असेल, तर पूर्ण गट पिवळा नाही. मग आपला तुकडा कोणत्या भागात पडतो, हे मोजणी नकाशाची ‘क’ प्रत भाग नकाशावर बसवूनच कळेल. ‘१८ मीटर रुंद विकास योजना रस्त्याने बाधित’ असं असेल, तर त्या पट्ट्यात घर उभं राहणार नाही, मग आज तिथे ऊस डोलत असला तरी. ‘आरक्षण क्रमांक अमुक, प्राथमिक शाळा’ किंवा ‘उद्यान’ असं असेल, तर जमीन विकणाऱ्याचीच आहे, पण वापर शहराचा आहे. नालासोपाऱ्यातल्या घरांची गोष्ट या एका ओळीत होती.

आरक्षणाबद्दल एक दिलासा नेहमी ऐकवला जातो: ‘दहा वर्षं झाली की आरक्षण उठतं.’ अर्धवट सांगितलेलं असल्यामुळे हे वाक्य धोक्याचं आहे. नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला खरेदी-सूचना बजावता येते. ती बजावल्यावर चोवीस महिन्यांत प्राधिकरणाने संपादनाची पावलं उचलली नाहीत, तरच आरक्षण व्यपगत होतं. आपोआप काहीच होत नाही. ‘पावलं उचलणं’ म्हणजे नेमकं काय, यावर गिरनार ट्रेडर्सचा खटला सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालला. घर बांधू पाहणाऱ्या नोकरदाराने असल्या लढाईच्या भरवशावर प्लॉट घेऊ नये, असं स्पष्टच सांगायला हवं.

दाखल्यावर आराखड्याची अवस्थाही लिहिलेली असते: मंजूर की प्रारूप. हा फरक किती महाग पडू शकतो, हे पुणे परिसराने पाहिलं. पीएमआरडीएने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. ‘प्रस्तावित आर झोन’ म्हणून गावोगाव व्यवहार झाले, हिरव्याचे पिवळे होणार म्हणून भाव चढले. हरकतींचा ढीग पडला, वाद न्यायालयात गेला आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो मसुदाच रद्द केला. प्रस्तावित पिवळ्या रंगाचे ज्यांनी पैसे मोजले, त्यांना ते परत कोण देणार? परवानगी देताना अधिकारी प्रारूप आराखड्याचाही विचार करतात हे खरं, पण तो उलट्या दिशेनेही चालतो: मंजूर आराखड्यात रहिवास असलेली जमीन नव्या मसुद्यात आरक्षणात गेली, तरी परवानगी अडू शकते. म्हणून चौकशी दोन्ही नकाशांची करायची.

आता ‘एनए’कडे, म्हणजे अकृषिक परवानगीकडे. प्लॉटच्या प्रत्येक जाहिरातीत हा शब्द असतो, आणि लोकांच्या मनात एनए झालं म्हणजे सगळं झालं असा समज पक्का बसलेला आहे. अकृषिक वापराचा विषय जमीन महसूल संहितेतला. बांधकामाचा विषय नगररचना कायद्यातला. महसूल संहितेत नंतर घातलेल्या कलम ४२-ब मुळे अंतिम विकास आराखड्यातल्या जमिनीला त्या आराखड्याप्रमाणे वापर करायचा असेल, तर वेगळी अकृषिक परवानगी लागेनाशी झाली. शासनाची ठरलेली रक्कम भरली की काम होतं. कलम ४२-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींनाही अशीच सवलत दिली. विकणारे हे ‘दोनशे मीटर’ मोठ्या आवाजात सांगतात. त्या पट्ट्यातही प्रादेशिक योजनेतल्या बांधकामाच्या तरतुदी लागू राहतात, आणि बांधकाम परवानगी घ्यावीच लागते, हे मात्र हळू आवाजातसुद्धा सांगत नाहीत. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीचा प्रश्न आणखी वेगळा उभा राहतो.

एनए आदेश खरा असला तरी पूर्ण वाचावा. वापर निवासी आहे की औद्योगिक, क्षेत्र किती, अटी कोणत्या. त्यासोबतचं रेखांकन तात्पुरतं मंजूर आहे की अंतिम, हे विचारावं. मंजूर रेखांकनात रस्ते असतात आणि ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर दहा टक्के खुली जागा सोडलेली असते. जाहिरातीच्या रंगीत पत्रकातला प्लॉट क्रमांक या मंजूर नकाशावर शोधून बघावा. खुल्या जागेवरच क्रमांक टाकून प्लॉट विकल्याची प्रकरणं नवी नाहीत.

यापेक्षा वाईट अवस्था शेती विभागातल्या ‘फार्महाऊस प्लॉट’ची आहे. मुळशी, मावळ, कर्जत, इगतपुरी या पट्ट्यांत शनिवार-रविवारच्या घराचं स्वप्न दाखवून अकरा गुंठे, पाच गुंठे, कधी दोनच गुंठे विकले जातात. इथे तीन कायदे एकाच वेळी आडवे येतात. कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. १९४७ चा तुकडेबंदी कायदा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडू देत नाही. २०२३ च्या अधिसूचनेने ते क्षेत्र जिरायतीसाठी वीस आणि बागायतीसाठी दहा गुंठे ठरवलं. तिसरी आडकाठी बांधकामाची. राज्याच्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे शेती विभागात फार्महाऊससाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ एक एकर जमीन लागते, आणि त्यावर ०.०३७५ इतकाच चटई निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या क्षेत्राशी बांधकामाचं प्रमाण, मिळतो. हिशेब केला तर एकरभर जमिनीवर सुमारे दीडशे चौरस मीटरचं घर. मग दोन गुंठ्यांवर परवानगी कुठून येणार?

यावर बाजाराने शोधलेला उपाय म्हणजे सामाईक सातबारा. दहा-अकरा अनोळखी माणसं एका खरेदीखतात अविभक्त हिस्सा घेतात आणि जागेवर तारेचं कुंपण घालून आपापले तुकडे वाटून घेतात. कागदावर वाटणी नसते. परवानगी मागायला गेलं की सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते, बँक कर्ज देत नाही, आणि एखाद्याने हिस्सा विकायचं ठरवलं की भांडण सुरू होतं. २०२५ मध्ये सरकारने शहरी आणि निवासी वापराच्या क्षेत्रांतले जुने तुकडे नियमित करण्याची वाट मोकळी केली, त्यामुळे अशा विक्रीला पुन्हा उधाण आलं आहे. ही सवलत ठरावीक तारखेपूर्वीच्या व्यवहारांना आहे आणि ती व्यवहाराला आहे. तिने हिरवा विभाग पिवळा होत नाही. गुंठेवारी कायद्याचंही असंच. तो २००१ चा; २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी बांधकामं त्यात आली. आज गुंठा घेऊन ‘नंतर नियमित होईल’ म्हणणाऱ्याला त्यात जागा नाही.

ज्यांची जमीन खरोखर रहिवास विभागात आहे, त्यांनी नियमावलीचा थोडा तरी परिचय करून घ्यावा. मुंबईसाठी ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४’ आहे. उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत नियमावली लागू आहे. बिल्डर आणि वास्तुविशारद तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. एमआयडीसी, नवी मुंबई विमानतळाभोवतीचं ‘नैना’ क्षेत्र, थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा, लोणावळा आणि केंद्राने अधिसूचित केलेली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रं तिच्या बाहेर आहेत. महाबळेश्वर किंवा माथेरानच्या प्लॉटवर पुण्याचे नियम लावून हिशेब करण्यात अर्थ नाही.

घर किती मोठं होणार, हे प्लॉटपेक्षा त्याच्यासमोरचा रस्ता ठरवतो. महापालिका क्षेत्रात निवासी इमारतीला मूळ चटई निर्देशांक १.१ मिळतो. अधिमूल्य भरून मिळणारा जादा निर्देशांक आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) रस्त्याच्या रुंदीप्रमाणे वाढत जातात. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल, तर साधारणपणे मूळ निर्देशांकावर भागवावं लागतं. दोन मुलांसाठी दोन मजले वर चढवू, या हिशेबाने गल्लीतला प्लॉट घेणाऱ्याने आधी टेप घेऊन रस्ता मोजावा आणि तो आराखड्यात किती दाखवला आहे तेही बघावं. सामासिक अंतरं (घराभोवतीची मोकळी जागा) सोडल्यावर लहान प्लॉटवर प्रत्यक्ष घराला किती जागा उरते, हे वास्तुविशारदाकडून साध्या कागदावर काढून घ्यायला फारसा वेळ लागत नाही. खरेदीच्या आधी ते करावं.

रस्त्याची रुंदी वापरही ठरवते. रुंद रस्त्यालगत निवासी विभागातही दुकानं, कार्यालयं अशा मिश्र वापराला बराच वाव आहे. अरुंद रस्त्यावर तो कमी. डॉक्टरांचा दवाखाना, घरगुती व्यवसाय, शिकवणी यांना अटींसह परवानगी असते. शांत गल्ली म्हणून घर घेणाऱ्याने हे उलट्या बाजूनेही वाचावं: समोरच्या रिकाम्या प्लॉटवर उद्या काय येऊ शकतं? तो वाणिज्य विभागात आहे का? मागच्या बाजूला औद्योगिक पट्टा आहे का? भाग नकाशा मागताना आपल्या गटाच्या आजूबाजूचा भागही मागून घ्यावा.

नदी, डोंगर आणि समुद्र यांचे नियम वेगळे आहेत आणि त्यात तडजोड जवळजवळ नाही. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते, जोतं लाल पूरपातळीच्या किमान ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं. कोल्हापूर आणि सांगलीने २०१९ आणि २०२१ मध्ये, चिपळूणने २०२१ मध्ये जे सोसलं, ते पाहिल्यावर या अटी जाचक आहेत असं कुणी म्हणू नये. डोंगरावर १:५ किंवा त्याहून तीव्र उताराला बांधकाम नाही. पुण्यात टेकड्यांवरची सुमारे ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखीव आहे, आणि तिच्या कडेकडेने विकल्या जाणाऱ्या प्लॉटबद्दल खास सावध राहावं. कोकणात सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, नकाशा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ना-विकास पट्टा दाट वस्तीच्या भागात ५० मीटर आणि इतरत्र २०० मीटर धरला आहे.

गोव्यात घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी दोन शब्द. तिथे एक-चौदाचा उतारा, कलेक्टरची सनद आणि नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला हे तिन्ही लागतात, आणि जमीन ‘सेटलमेंट’, म्हणजे वस्तीच्या विभागात आहे का हे प्रादेशिक आराखडा २०२१ सांगतो. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली तिथे अनेक जमिनींचे विभाग ‘दुरुस्त’ करून दिले गेले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठीचे नियम रद्द ठरवले. म्हणून सेटलमेंट शेरा मूळ आराखड्यातला आहे की नंतरच्या दुरुस्तीतला, हे विचारून घ्यावं.

बांधकाम परवानगीचे टप्पे त्यामानाने सरळ आहेत. एकत्रिकृत नियमावलीत दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला कमी जोखमीचं धरून वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्याच्या प्रमाणपत्रावर आणि शुल्क भरून काम सुरू करता येतं. दीडशे ते तीनशे चौरस मीटरला दहा दिवसांत परवानगीची तरतूद आहे. काम सुरू करण्याच्या परवानगीची, म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्राची, मुदत एक वर्षाची असते आणि नूतनीकरण करून ती एकूण चार वर्षांपर्यंत नेता येते. घर रखडलं तर हे विसरू नये. जोते तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र घेतल्याशिवाय काम संपलं असं मानू नये.

तयार सदनिका घेणाऱ्याने प्रारंभ प्रमाणपत्र स्वतः पडताळावं. कल्याण-डोंबिवलीत बनावट प्रारंभ प्रमाणपत्रं दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या पासष्ट इमारती निघाल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. महारेरा क्रमांक आहे, बँकेने कर्ज दिलं आहे, महापालिका कर घेते आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र असूनही परवानगी खोटी असू शकते. अनधिकृत बांधकामाला पालिका कर लावते, त्यावर शास्तीही लावते. महापालिका कायद्यातच म्हटलं आहे की कर घेतला म्हणून बांधकाम नियमित होत नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख घेऊन बांधकाम परवानगी विभागात किंवा पालिकेच्या संकेतस्थळावर ताडून पाहावं. उत्तर टाळलं गेलं, तर माहिती अधिकारात मंजूर नकाशासह प्रत मागावी.

ज्यांचं घर किंवा प्लॉट आधीपासून आहे, त्यांना एका वेळी मात्र फार चपळ राहावं लागतं: नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा. नगररचना कायद्याने दर वीस वर्षांनी आराखड्याची फेरतपासणी सांगितली आहे. प्रसिद्धीची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येते, नकाशे कार्यालयात लावले जातात, आणि सूचनेत दिलेल्या मुदतीतच हरकती घेतल्या जातात. आपल्या गटावर नवा रस्ता किंवा आरक्षण पडलेलं दिसलं, तर ‘अन्याय झाला’ एवढंच लिहून उपयोग नसतो. गट क्रमांक, भाग नकाशावरची खूण, असलेल्या परवानगीची प्रत आणि पर्याय सुचवणं शक्य असेल तर तो पर्याय, असा साध्या कागदावरचा अर्ज नियोजन समितीपुढे टिकतो. सुनावणीची नोटीस अर्जातल्या पत्त्यावर येते, म्हणून पत्ता आणि फोन क्रमांक नीट लिहावा, आणि अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी.